रंग वाटून घेणारं गाव

दादा, त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. आदल्या दिवशी नाशिकला पंचवटीतल्या फुलबाजारात नेलेला झेंडू पोत्यांसकट परत आला होता. सगळ्या जिल्ह्यानं झेंडूच लावला होता, घेणार कोण? नानांनी पोती पुलाखाली रिकामी केली. उरलेला झेंडू बैलांपुढे टाकला, तर बैलांनीही मान फिरवली. मेथी आधीच पिवळी पडून गेली होती. आईनं त्या आठवड्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा याशिवाय काही केलं नाही, आणि ताट वाढताना आपल्याकडे बघितलंही नाही. मी बारावीला होते. कॉलेजात जायला माझ्या पायात तुझ्या जुन्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. चालताना फटफट वाजायच्या, म्हणून मी वर्गात सगळ्यात आधी जाऊन बसायची आणि सगळ्यात शेवटी उठायची.

तू त्या दिवशी ओट्यावर बसून कोळशानं भिंतीवर काहीतरी काढत होतास. नाना बाहेर आले, बघितलं. तू झेंडूचा ढीग काढला होतास. सडायला लागलेला, काळा पडलेला.

"घर बुडालं आन् ह्यो त्याचं चित्र काढतोय," नाना म्हणाले. "अरं, लाज वाटू दे जरा."

तू हातातला कोळसा ठेवलास आणि गोठ्याकडे गेलास. मला तुझा राग आला होता, खरं सांगते. मलाही नानांसारखंच वाटलं होतं.

पाव्हणे आले की नाना ओळख करून द्यायचे, "ही माझी लेक, कालेजात जाते." मग तुझ्याकडे हात करून, "आन् ह्यो थोरला. ह्यो असतो घरीच." घरी कुठे असायचास? जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवायचास, राजवाडा, जंगल, रस्ता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आईबापांची नावं काढायचास, नावांच्या बाजूला मोर. नववीत नापास झालेला मुलगा, त्याला काम म्हणून गावानं एवढंच दिलं होतं. मला मात्र सगळ्यांनी मिळून शिकवलं. आपल्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कोणाला विसरू देत नव्हते. तुला तर मुळीच नाही.

मग भाऊसाहेबांच्या थोरलीचं लग्न आलं. आपल्या बांधाला बांध असलेले भाऊसाहेब, तोंडानं फटकळ आणि मनानं भित्रे. लग्नाच्या सकाळी मांडववाल्याचा निरोप आला की त्याला दुसरीकडे मोठं काम लागलंय, तो येणार नाही. दारात नुसते बांबू उभे आणि वऱ्हाड निघालेलं. भाऊसाहेब डोक्याला हात लावून बसले. तू गेलास आणि म्हणालास, "मला दुपारपर्यंतचा वेळ द्या. आन् ज्याच्या शेतात जे फुललंय ते तोडून आणा. काहीबी असू द्या."

लोकांनी काय काय आणलं! झेंडू, बिजलीची फुलं तर होतीच. शेपूच्या पिवळ्या छत्र्या आल्या. बियाला सोडलेल्या कोथिंबिरीचा पांढरा फुलोरा आला. कोणीतरी बियाण्याच्या कांद्याचे डोंगळे आणले, ते गोल पांढरे गोंडे, मुठीएवढे. तू ते डोंगळे दोऱ्याला बांधून छतातून उलटे सोडलेस, शंभरएक तरी असतील, आणि खाली पिवळ्याच्या लाटा केल्यास.

"दादा," भाऊसाहेब घाबरून म्हणाले, "पाव्हण्यांनी इचारलं, मांडवाला भाजीपाला का लावला, तर काय सांगू?"

"सांगा, जेवण कमी पडलं तर वरून तोडून खा."

वऱ्हाड आलं आणि मांडवाच्या तोंडाशीच थांबलं. मागचे पुढच्यांना ढकलत होते, पण पुढचे हलेनात. नवरीला भरून आलं तेव्हा तिची मावशी म्हणाली, "कांद्याखाली उभी केल्यावर रडेल नाय तर काय?" सगळा मांडव हसला. नवऱ्याच्या मामाचं गंगापूर रोडला नवंच लग्नाचं लॉन्स झालं होतं. तो सगळीकडे हात लावत फिरला आणि त्यानं विचारलं, "हे डेकोरेशन कोणाचं?"

नाना जवळच उभे होते. ते पुढे झाले. मग म्हणाले, "माझ्या थोरल्याचं."

दादा, त्यानंतरची सात-आठ वर्षं आठवली की मला आधी अभिमान वाटतो आणि लगेच लाज.  

त्या मामानं आपल्या लॉन्सवरचे मांडव तुला दिले, मग दुसऱ्या लॉन्सवाल्यांनीही, आणि तू एक रीत पाडलीस. आषाढात, लावणीच्या आधी, नाटकाचा जुना पडदा उलटा करून तू त्यावर येत्या लग्नसराईचा मांडव रंगवायचास आणि तो मारुतीच्या देवळात टांगायचास. सगळं गाव यायचं. लोक पडद्याजवळ जाऊन एकेका रंगावर बोट ठेवायचे. "ह्ये जांभळं आमचं." "खालची तांबडी पट्टी आमच्याकडं द्या, औंदा शेवंती चांगली फुटंल." ज्यानं जो रंग घेतला त्यानं तेच फूल लावायचं. एकानं घेतलेला रंग दुसऱ्यानं लावायचा नाही. सगळ्यांनी एकच पीक लावून एकमेकांना बुडवायचं, ते थांबलं. माणसं स्वतःची शेतं चित्रात बघू लागली. मळ्यात ठिबक आलं, पत्र्यांच्या जागी स्लॅब पडले, मुली सायकलवरून हायस्कूलला जायला लागल्या. सुमनबाई, जी आधी देवळासमोर गजरे विकायची, तिच्या हाताखाली आठ बायका ओवायला आल्या. पूर्वी गावातली पोरं अंबडला कारखान्यात लागायला धडपडायची. आता दोन-चार जण तिथली नोकरी सोडून परत आले.

मी तोवर ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. आणि आपलं भांडण सुरू झालं, जे कधी संपलंच नाही.

तू विचारलंस, "तुझ्या पुस्तकात पैसा कशानं होतो म्हणून लिवलंय?"

मी रुबाबात सांगितलं, "उत्पादनाचे चार घटक. भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक."

"यात मी कुठं बसतो?"

"संयोजक. बाकीच्या तिघांना एकत्र आणतो, धोका पत्करतो, तो."

"धोका तर भाऊसाहेब पत्करतो, त्याचं रान हे. मी नुस्ता बघतो आन् सांगतो."

"बघणं हा घटक नाही, दादा."

"मग तुझं पुस्तक अपुरं हे, प्रोफेसरीणबाई."

मला राग यायचा. मी समजावून सांगायची की नाशिक वाढलं, कारखान्यांमुळे लोकांच्या हातात पगार आला, पगारामुळे लॉन्समधली लग्नं आली, त्यामुळे फुलाला मागणी आली. तू नसतास तर दुसरं कोणी असतं. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलंय. तू शांतपणे म्हणालास, "शेजारच्या गावाला तेच पाणी, तीच माती, तेच नाशिक. तिथं का नाय झालं?"

मी म्हणाले, "होईल." नाही झालं. त्यांनीही शेवंती लावली, त्यांच्या गाड्याही बाजारात गेल्या, आणि तिथेच थांबल्या. फूल सगळ्यांकडे होतं. कुठलं फूल कशाशेजारी ठेवायचं हे फक्त तुला दिसत होतं. हे मला कळलं होतं, दादा. कबूल करायला जमलं नाही.

आणि हे कळलं त्याच दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. देवळात लोक रंगांवर बोटं ठेवत होते, हसत होते, आणि मला एकदम दिसलं की ही सगळी घरं, ही रानं, सायकलवरच्या पोरी, सगळं एका माणसाच्या दोन डोळ्यांवर टांगलेलं आहे. मी तुला म्हटलं, कोणाला तरी शिकव. तू म्हणालास, "बघणं शिकवता येतं व्हय? तूच म्हणतेस ना, तो घटकच नाय?"

माझंच बोलणं मला परत दिलंस.

मग मोरीत मुंग्या लागायला लागल्या. तू जिथे लघवीला जायचास तिथे काळ्या मुंग्यांची रांग. आईनं हळद टाकली, दोन दिवसांनी रांग परत. मी बघितलं आणि मला समजलं. तुला विचारलं तर हसलास, "लग्नातली जिलबी. मुंग्यांनाबी कळलंय मी कुठं जेवतो ते."

त्यानंतर ते लॉन्समधलं. भर दुपार होती, मी डबा घेऊन आले होते. तुम्ही मधल्या वाटेवर पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर रक्ताचे ठसे उमटत गेलेले होते, एका पायाचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू ते बघून ओरडलास, "कोणाच्या पायाला लागलंय बघा रे! कापड खराब केलं सगळं." सगळे आपापले तळवे बघायला लागले. सुमनबाईनं बघितलं. मी बघितलं. बांधायच्या तारेचा तुकडा तुझ्या टाचेत बोटभर घुसलेला होता आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. तू अनवाणी उभा होतास आणि बाकीच्यांचे पाय तपासत होतास.

मी तुला देवळाली कॅम्पातल्या एका डॉक्टरकडे नेलं. तिथेच का, तर गावातलं कोणी तिथे भेटणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर खूप जुनी आहे, पाय जपा, डोळे तपासून घ्या, काम थांबवा. येताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "कोणाला सांगू नको. रोपं रानात लागलीत. लॉन्सवाल्यांच्या कानावर गेलं की ते फूल बंगलोरहून मागवतील, मांडववाला मुंबईहून. मग गावानं काय करायचं? एवढा हंगाम जाऊ दे."

आणि मी हो म्हणाले.

इथे मला थांबून लिहायचंय. मी शिकलेली होते. गोळ्या वेळेवर न घेतल्यानं काय होतं ते मला माहीत होतं. तरी मी तो हंगाम जाऊ दिला, मग त्याच्या पुढचा. मी स्वतःला सांगितलं की दादाच्या इच्छेला मान देतेय. पण खोटं आहे ते. स्टाफरूममध्ये मी माझ्या गावाबद्दल बोलायची. आमच्या गावात असं, आमच्या गावात तसं. मला ते गाव तसंच राहायला हवं होतं. मी आधी गावासाठी घाबरले, दादा, आणि नंतर तुझ्यासाठी. हे तुला कधी सांगितलं नाही.

सिंहस्थ जवळ आला. गुरू सिंह राशीत असला की वर्षभर गोदाकाठची जुनी माणसं लग्नं लावत नाहीत. शहरातले काही जण हल्ली त्यातून वाट काढतात, पण आपल्याकडे नाहीच. म्हणून आदल्या वर्षी सगळ्यांची घाई, उपवर पोरगी ज्याच्या घरात तो लॉन्सच्या दारात. त्या आषाढात तू सगळ्यात मोठा पडदा रंगवलास. मी सुट्टी काढून आले होते.

तू काठीनं पडद्याच्या वरच्या भागाकडे खूण केलीस आणि म्हणालास, "वर सगळं पांढरं. औंदा पांढऱ्याचा मान."

वर सगळं पिवळं होतं. हळदीसारखं पिवळं.

 मी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब पडद्याकडे बघत होते, मग तुझ्याकडे, मग परत पडद्याकडे. जन्मभर एक शब्द तोंडात न ठेवणारा माणूस. तो पुढे झाला, पिवळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पांढरं आमचं."

तेवढं पांढरं एकट्याच्या रानात मावणारं नव्हतं, म्हणून मग एकेकजण आपला वाटा मागायला पुढे आला. सगळे त्या पिवळ्याला पांढरं म्हणत गेले. मीही तिथेच होते. मीही काही बोलले नाही.

घरी गेल्यावर प्रत्येकाला प्रश्न पडला असणार, दादाचं बोलणं खरं धरायचं की पडदा? विचारायचं कोणाला? विचारलं तर उघड झालं असतं. म्हणून अर्ध्या गावानं पांढरी शेवंती लावली आणि अर्ध्यानं पिवळी. हंगामात गाड्या लॉन्सच्या दारात आल्या तेव्हा कशाचाच कशाला मेळ नव्हता. सुमनबाईनं मध्ये उभं राहून सगळं फिरवलं. "दादा, हे इकडं घेऊ का?" असं तुला विचारायची आणि तुझं उत्तर यायच्या आत बायकांना खूण करायची. मांडव झाला. तू त्यात उभा राहून सगळीकडे मान फिरवलीस आणि म्हणालास, "झकास. पांढरं कसं उठून दिसतंय." तुझ्या समोर पिवळं होतं.

तो हंगाम तू त्याच टाचेवर उभा राहून काढलास. सिंहस्थ लागला, लग्नं थांबली, रानात पुन्हा मेथी-कोथिंबीर आली, आणि तुझी जखम वास मारायला लागली. पाय बोटांपर्यंत काळा पडला, म्हणून आधी दोन बोटं काढली. मग गुडघ्याखाली पाय काढला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमनबाई डबा घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. दादानंच सांगू नको म्हटलं होतं."

ती म्हणाली, "ताई, आमाला तर लय आधीपासनं म्हाईत होतं. तारेच्या आधीपासनं. डोळ्याचंबी म्हाईत होतं. आमाला वाटलं तुमाला म्हाईत नाय. तुमी शिकलेल्या, तुमाला कळलं तर त्यांना बसवून ठेवशाल. मग मांडव कसा व्हायचा? म्हणून नाय बोललो."

मी तिच्याशेजारी बसले.  सगळ्या गावाला माहीत होतं, दादा. प्रत्येकजण दुसऱ्यापासून लपवत होता. तू गावासाठी गप्प, गाव स्वतःसाठी गप्प, मी दोन्हीसाठी. त्या गप्प राहण्यावर आपले स्लॅब पडले. वेळेवर कोणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर पाय वाचला असता, कदाचित तूही. हे मी कोणावर ढकलत नाही. त्यात पहिली मी.

यंदाच्या आषाढात सिंहस्थ सरत आला होता. दिवाळीनंतर मुहूर्त होते. लोक कोरा पडदा घेऊन तुझ्या खाटेपाशी आले आणि तसेच उभे राहिले.  मला वाटलं, आता हे परत कशाला तरी पांढरं म्हणणार.

तूच बोललास. "मला दिसत नाय. दोन वर्षं झाली. तुमाला म्हाईत हे, मला म्हाईत हे की तुमाला म्हाईत हे. आता पुरं करा."

भाऊसाहेब रडायला लागले. तू म्हणालास, "रडू नका. सुमन, ब्रश घे."

"मी?" सुमनबाई म्हणाली. "मला चित्र कुठं येतंय दादा?"

"मागचा सगळा हंगाम कोण करत होतं मग? मी आंधळा हे, खुळा नाय."

तिनं पहिला रंग लावला. बाकीच्या बायका भोवती बसल्या. तू खाटेवरून विचारायचास, आता काय लावलं, कशाशेजारी लावलं, आणि त्या सांगायच्या. "एवढा लाल कशाला? गोंधळ घालायचाय का देवीचा?" म्हणून तू ओरडलास. सुमनबाईनंही उलट ऐकवलं, "तुमाला दिसत नाय ना, मग गप पडा. लाल चांगला दिसतोय." दोन दिवस चाललं होतं ते. शेवटी भाऊसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "आता ह्ये पांढरं म्हंजे पांढरंच ना?" आणि सगळ्यांत जास्त तू हसलास, खोकला येईपर्यंत.

बघणं शिकवता येत नाही असं तू म्हणायचास. तू शिकवलंच होतंस, फक्त तुझ्या नकळत. आणि माझ्या पुस्तकात जागा नव्हती म्हणून मी तुला संयोजकात कोंबत राहिले. आता वर्गात तो धडा आला की मी चार घटक फळ्यावर लिहिते, आणि मग खडू खाली ठेवून मुलांना शेजारशेजारच्या दोन गावांची गोष्ट सांगते. तुझं नाव घेत नाही. घेतलं तर पुढे बोलता येणार नाही.

गणपती उठले आणि चौथ्या दिवशी तू गेलास. फुलं तेव्हा कळीतही नव्हती. बाराव्याला भाऊसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, रानात जावंसं वाटत नाय. पीक लय चांगलं हे. एवढ्या फुलाचं आता करायचं काय, त्याचीच भीती वाटती."

मलाही वाटत होती, अजूनही वाटते. लॉन्सवाल्यांकडे प्लास्टिकच्या फुलांचे नमुने येऊन पडलेत, धुऊन परत वापरता येणारे. शेजारच्या गावची पोरं आपल्या मांडवाचे फोटो काढून नेतात. नाना आता ओट्यावर बसतात आणि पाव्हण्यांना कोणाचीच ओळख करून देत नाहीत. सुमनबाईचे डोळे मी दर भेटीत निरखून बघते, तिच्या ते लक्षात आलंय. परवा मी तिला आणि आठही जणींना साखर तपासायला घेऊन गेले. नाशिकमध्येच नेलं, सगळ्यांच्या देखत.

तुळशीची लग्नं लागली आणि त्यानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला गंगापूर रोडच्या लॉन्सवर मांडव उभा राहिला. तो सुमनबाई आणि त्या आठ जणींनी केला. त्यात लागलेलं सगळं फूल आपल्या गावचं होतं. लॉन्सवाल्यानं या हंगामातल्या बाकीच्या तारखाही त्यांनाच दिल्या आहेत.